नवा स्वार, नवा घोडा : मैदानातल्या फेऱ्यांत गोडी कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर–बार्शी रस्त्यालगतच्या शेतात २० बाय ४० मीटरचं मैदान आखलंय. घोडा साडेचार वर्षांचा, साठ इंची मारवाडी, अकलूजच्या बाजारातून घेतलेला. बसणारी मुलगी सोळा वर्षांची. आठ महिन्यांपासून शिकते आहे, वॉक (साधी चाल) आणि ट्रॉट (दुडकी) जमतो, कॅन्टर (संथ दौड) अजून नाही. रोज पाऊण तास कठड्याच्या कडेनं फेऱ्या होतात. पंधरा मिनिटांत दोघंही कंटाळतात, घोडा फाटकापाशी येऊन अडतो, मुलगी टाचा मारून दमते आणि शेवट चिडचिडीत होतो. वडील विचारतात की यात दोघांचं मन कसं रमवायचं.

आधी एक हिशेब करून बघा. तुमच्या मैदानाची एक फेरी १२० मीटरची. ट्रॉटला घोडा मिनिटाला साधारण २२० मीटर जातो, म्हणजे फेरी तेहेतीस सेकंदांत संपते. वीस मिनिटं ट्रॉट केला की छत्तीस फेऱ्या झाल्या. या छत्तीस फेऱ्यांत घोड्याला वळवलं कुणी? कठड्यानं. वेग कुणी ठरवला? घोड्यानंच. मुलीला काही करावंच लागलं नाही, म्हणून ती कंटाळली. आणि घोड्याला पुढची वाट पाठ झाली, म्हणून तो स्वाराकडे लक्ष देईनासा झाला. त्यामुळे माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं: कठडा सोडा, आणि दर पंधरा-वीस पावलांवर घोड्याला एक छोटा, त्याला जमेल असा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की त्याच क्षणी हात आणि पाय सैल करा. लागोपाठ दोनदा कठड्याच्या कडेनं पूर्ण फेरी मारायची नाही, एवढा एकच नियम मुलीला घालून दिलात तरी आठवड्यात फरक दिसेल.

पण खेळ सुरू करण्याआधी, अडणं हे दुखण्यामुळे नाही ना, ते बघून घ्या. साडेचार वर्षं हे दातांचं वय आहे. घोड्याच्या पुढच्या दातांतले कोपऱ्याचे दूधदात साधारण याच सुमाराला पडतात, आणि दाढांवरच्या दुधी टोप्यांपैकी शेवटच्या चार वर्षांच्या आसपास सुटतात. अर्धवट सुटलेली टोपी हिरडीला टोचते. घोडा डोकं झटकतो, लगाम चावतो, एका बाजूला वळायला कुरकुर करतो. पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या. दुसरी तपासणी तुमची तुम्हीच करू शकता. काम संपल्यावर खोगीर आणि नमदा (खोगिराखालची गादी) उचला आणि पाठीवरचा घाम बघा. सगळीकडे सारखी ओल असेल तर ठीक. ओल्या पाठीत तळहाताएवढा एखादा कोरडा डाग राहिला असेल, तर तिथे खोगीर इतकं दाबतंय की घामसुद्धा सुटला नाही. दोन्ही बाजूंचे डाग ताडून पाहा. आपल्याकडे खोगिराखाली घडी करून सोलापुरी चादर घालायची पद्धत सर्रास दिसते. चादर मजबूत असते खरी, पण सुती घडी घामानं भिजते, सरकते आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर तिची वळी जमते. तासाभरात ती वळी सोलते. तिथे लोकरीचा नमदाच हवा, आणि तोही खोगीर ठेवताना पुढून थोडा वर उचलून, उंचवट्याला हवा लागेल असा.

तिसरी गोष्ट बाजारातल्या घोड्याची खास. हा घोडा वरातीसाठी किंवा नाचकामासाठी तयार केलेला होता का, याचा अंदाज घ्या. खुणा सोप्या आहेत: ताशा किंवा डीजे ऐकला की जागच्या जागी पाय उचलतो, मान वर ताणून पाठ खाली टाकतो, पोटरी लागली की पुढे जाण्याऐवजी नाचतो. अशा घोड्यावर नवशिक्याची हलती पोटरी म्हणजे त्याला नाचण्याचाच हुकूम. तो बिचारा शिकवलेलंच करतोय. त्याला मारून उपयोग नाही, नवा अर्थ हळूहळू शिकवावा लागतो. सोबत काटेरी लगाम आला असेल तर तो आजच काढून टाका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार काटे असलेला लगाम वापरायला बंदीच आहे, आणि नवशिक्याच्या हातात तो म्हणजे जखमेची हमी. साधा, गुळगुळीत, मधे सांधा असलेला स्नॅफल पुरेसा आहे. मारवाडी घोडा कान आणि चाल बघूनही घेतला जातो. तुमचा घोडा रवाळ चालीचा असेल, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम टाकत असेल, तर खाली जमिनीवर मांडायच्या बल्ल्यांचं जे सांगितलंय त्यात थोडा बदल करावा लागेल. तो तिथेच सांगतो.

आणि खुराक. हरभरा आणि कोंडा भरपूर, काम पाऊण तास, बाकी दिवसभर खुंट्याला बांधलेला, असा घोडा मैदानात आला की त्याची उसळी ही कंटाळ्याची नसते, साचलेल्या जोराची असते. हलकं काम करणाऱ्या घोड्याला कडबा आणि गवत पोटभर, चंदी (दाणा) बेताची, आणि सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी.

आता जमीन. सोलापूरची काळी माती पावसात खुराला गोळा धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत खूर अडकला तर पाय गेलाच. मैदान तसंच मातीवर असेल तर मुरमाचा दाबलेला थर आणि वर वाळू हवी. वाळू सहा सेंटिमीटर पुरे. ८०० चौरस मीटरला ती साधारण १७ ब्रास लागते. ‘मऊ असू दे’ म्हणून दहा-बारा सेंटिमीटर टाकू नका. खोल वाळूत तरुण घोड्याच्या पायांतल्या कंडरा ताणल्या जातात, तो लवकर दमतो आणि मग अडतो. त्यालाही आपण कंटाळाच म्हणतो. धुळीसाठी संध्याकाळी हलकं पाणी मारायचं: चौरस मीटरला एक-दीड लिटर धरलं तर आठशे-बाराशे लिटरमध्ये काम होतं. तेवढं पाणी परवडत नसेल तर ज्या पट्ट्यात त्या दिवशी काम आहे तेवढाच भिजवा.

मैदानावर अक्षरं लावली नसतील तर लावा. लहान बाजूच्या मध्यावर ए, समोर सी, लांब बाजूंच्या मध्यावर ई आणि बी, आणि कोपऱ्यांपासून सहा मीटरवर के, एच, एम, एफ. वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन, तळाशी थोडी वाळू, वर रंगानं अक्षर. तेलाचे पत्र्याचे डबे नकोत, कडा कापतात. कबड्डीच्या मैदानासारखी चुन्याची फक्की मारायचा मोह होतो, पण ती टापांनी उडून दोघांच्या डोळ्यांत जाते. अक्षरं हवीत कारण ‘तिकडे कुठेतरी थांब’ आणि ‘बीपाशी थांब’ यांत फार अंतर आहे. नेमकी जागा ठरली की मुलीला आपोआप चार पावलं आधी तयारी करावी लागते, आणि तयारी करणाऱ्या स्वाराला कंटाळायला वेळ मिळत नाही.

पहिला खेळ वर्तुळाचा, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. मैदानाच्या ए टोकाला २० मीटरचं वर्तुळ चार ठिकाणी टेकतं: ए, मैदानाचा बरोब्बर मध्य, आणि दोन्ही लांब बाजूंवर कोपऱ्यापासून दहा मीटरवर. लांब बाजूंवरचे ते दोन बिंदू के आणि एफच्या चार मीटर पुढे येतात. तिथेच सगळे चुकतात, अक्षरापाशीच टेकतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. चारही ठिकाणी दोन-दोन शंकूंची दारं करा, दाराची रुंदी दीड मीटर. आता मुलीनं चारही दारांतून ट्रॉटनं जायचं आणि रायझिंग (ट्रॉटच्या तालावर खोगिरातून उठणं-बसणं) करताना किती वेळा उठली ते मोठ्यानं मोजायचं. वर्तुळाचा परीघ सुमारे ६३ मीटर. साठ इंची घोड्याचा ट्रॉटचा पूर्ण टप्पा अडीच मीटर धरला तर पूर्ण वर्तुळात पंचवीस उठण्या, म्हणजे दोन दारांमध्ये सहा-सात. एका चतुर्थांशात पाच आणि दुसऱ्यात आठ आल्या, तर एकतर वर्तुळ वाकडं आहे किंवा वेग बदललाय. बहुतेक घोडे फाटकाकडे जाताना लांब टाकतात आणि फाटकापासून दूर जाताना रेंगाळतात. हे आकड्यात दिसलं की मुलीला ‘नीट चालव’ असं ओरडून सांगावं लागत नाही. ती स्वतःच म्हणेल, इथे माझे पाच झाले. मोठ्यानं मोजण्याचा दुसरा फायदा असा की मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही, आणि श्वास चालू राहिला की मांड सैल बसते.

चार दारं जमली की दुसऱ्या टोकाला सीपाशी तसंच वर्तुळ, आणि मध्यावर बाजू बदलून इंग्रजी आठ. बदलताना मध्यावर घोडा एका लांबीभर सरळ हवा. नाहीतर तो खांद्यावर कलंडून वळतो. इथेच रायझिंगची बाजूही बदलायची: बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, म्हणून नव्या बाजूला जाताना एक ठोका जास्त बसून राहायचं आणि मग उठायचं. वर्तुळ लहान करत नेण्याचा खेळही चांगला आहे, वीसवरून पंधरा मीटरपर्यंत आत यायचं आणि पोटरीनं पुन्हा बाहेर ढकलायचं. पण बारा मीटरच्या आत नको. साडेचार वर्षांच्या सांध्यांना छोटी वर्तुळं महाग पडतात. त्याच कारणानं लंजिंगही (लांब दोरीवर गोल फिरवणं) एका बाजूला सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त नको.

आता बल्ल्या. या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण मैदानात गोडी आणणारी यापेक्षा स्वस्त वस्तू नाही, आणि चुकीच्या मांडल्या तर यापेक्षा लवकर घोडा बिघडवणारीही नाही.

निलगिरीच्या तीन मीटर लांब, दहा-बारा सेंटिमीटर जाड बल्ल्या घ्या, साल काढून, टोकं घासून. एक साधारण वीसेक किलोची भरते. तेवढं वजन हवंच. बांबू हलका असतो आणि टाप पडली की फाटून त्याची धारदार कामटी वर येते. पीव्हीसीचा पाइप तडकतो आणि खुराखाली घरंगळतो. घरंगळणारी बल्ली हा खरा धोका आहे: घोड्याचा पाय तिच्यावर पडला की सांधा मुरगळतो, आणि एकदा असं झालं की घोडा पुढचे कित्येक दिवस जमिनीवरच्या रेघेवरूनही उडी मारतो. म्हणून दोन्ही टोकांना दोन्ही बाजूंनी वाळूच्या छोट्या पिशव्या लावा, किंवा वाळूत दोन-तीन सेंटिमीटरची चर करून त्यात बसवा. रंग देताना गेरू वापरू नका. आपल्याला गेरूचा पट्टा उठून दिसतो, पण घोड्याला लाल-नारिंगी वेगळा ओळखू येत नाही, मातीतच मिसळतो. पांढरा, पिवळा, निळा असे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे पट्टे द्या.

अंतरासाठी पुस्तकी आकडा धरून बसण्यापेक्षा घोड्यालाच विचारा. वाळूचा एक पट्टा दंताळ्यानं साफ करून हलका भिजवा आणि त्यावरून घोड्याला नेहमीच्या ट्रॉटनं सरळ न्या. मग खाली बसून ठसे बघा. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतलं अंतर टेपनं मोजा आणि निम्मं करा. अडीच मीटर आलं तर बल्ल्या सव्वा मीटरवर. तेच वॉकला साधारण ८० ते ९० सेंटिमीटर येतं. रोज टेप काढायला नको म्हणून आपल्या बुटाचं माप ठरवून ठेवा. २८ सेंटिमीटरचा बूट असेल तर वॉकला बुटाच्या टोकाला टाच लावून तीन बूट, ट्रॉटला साडेचार. हे अंतर कमी पडलं तर घोडा अडखळतो, बल्लीला ठोकर मारतो आणि वॉकवर येतो. जास्त झालं तर मधे एक आखूड पाऊल घुसवतो किंवा सरळ कॅन्टरला उठतो. बरोबर असेल तर टापेचा ठसा दोन बल्ल्यांच्या बरोबर मधे उमटतो. दर दोन-तीन खेपांनी उतरून ते ठसे मुलीला दाखवा.

पहिल्या दिवशी एकच बल्ली. ती कठड्याला चिकटून नको, मैदानाच्या आत, कठड्यापासून पाच मीटरवर. म्हणजे घोड्याला बाजूनं निघून जाता येतं आणि मुलीला नेम धरावा लागतो. वॉकनं दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम तीन. दोन बल्ल्या कधीच मांडू नका: नवा घोडा दोन बल्ल्यांना एकच रुंद अडथळा समजतो आणि एका झेपेत दोन्ही ओलांडतो, नवशिकी मुलगी त्या झेपेला मागे राहते, लगामाला लटकते, आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. पुढच्या वेळी तो बल्ली बघूनच डोकं वर करेल. याच कारणासाठी घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) एखादा जुना पट्टा बांधून ठेवा. बल्ल्यांवरून जाताना मुलीनं दोन बोटं त्यात अडकवायची. नजर समोरच्या कॅनवर, खाली नाही. खाली बघितलं की डोक्याचं वजन पुढे जातं आणि घोड्याच्या पुढच्या पायांवर भार येतो, नेमके तेच पाय उचलायचे असताना.

आठवड्यानं ट्रॉट, पुन्हा तीनपासून, मग चार. एका दिवसात दहा-बारा खेपांवर जायचं नाही. पहिल्या आठ खेपा स्वच्छ गेल्या आणि नवव्या-दहाव्याला ठोकरा लागायला लागल्या, तर घोडा दमलाय. तिथे एक सोपी वॉकची खेप करून थांबा. रवाळ घोड्याला ट्रॉटच्या बल्ल्यांवर आधी स्वाराशिवाय, लंजवर न्या. त्याचे पाय बाजूबाजूनं पडतात, म्हणून तो सुरुवातीला गोंधळतो. पण बल्ल्या पाय तिरके जोडायला भाग पाडतात आणि पुष्कळ घोडे त्यांवरच खरा ट्रॉट शोधतात. वॉकच्या बल्ल्या मात्र त्याला पहिल्या दिवसापासून चालतात.

त्याच चार बल्ल्यांतून एक बोळ होतो: दोन समांतर, मग काटकोनात आणखी दोन, रुंदी सुरुवातीला सव्वा मीटर, नंतर एक मीटर. वॉकनं आत जायचं, वळणावर थांबायचं, चार आकडे मोजायचे, वळून बाहेर. पंधरा दिवसांनी वळणावर दोन पावलं मागे. यात घाई करणारा घोडा शांत होतो, कारण घाईला तिथे जागाच नाही. आणि मुलीला कळतं की वळताना आतला लगाम ओढला तर मागचा भाग बाहेर निसटून बल्लीला लागतो. बाहेरच्या पोटरीनं तो आत ठेवावा लागतो. हे शब्दांत सांगून महिनाभर कळत नाही, बल्लीचा खट्ट आवाज आला की एका दिवसात कळतं.

मांडलेल्या वस्तू आठवडाभर जागच्या जागी राहिल्या तर त्यांचाही कठडा होतो. मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) किंवा स्वतःला रोज दोन गोष्टी हलवायची सवय लावा. दोनच, सगळंच बदललं तर बुजरा घोडा दहा मिनिटं नुसता फुरफुरत राहतो.

थांबणं आणि निघणं यांचाही खेळ करा. ए ते के वॉक, के ते ई ट्रॉट, ईपाशी वॉक, एचपाशी थांबा. किंवा बारा उठण्या ट्रॉट, पाच पावलं वॉक, पुन्हा बारा. क्रम असा: आधी श्वास सोडून मांड जड करायची, मग पोटऱ्या हलक्या लावून ठेवायच्या, शेवटी बोटं मिटायची. दोन टप्प्यांच्या आत घोड्यानं ऐकलं की बोटं लगेच उघडायची. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: मुली-मुलगे घोडा थांबल्यावरही दोन सेकंद ओढून धरतात. घोड्याच्या दृष्टीनं थांबूनही सुटका झाली नाही, मग तो थांबेल कशाला? दुसरी चूक म्हणजे टाच आणि लगाम एकाच क्षणी. आणि निघताना आधी हलकी पोटरी, उत्तर नाही आलं तर एकदाच स्पष्ट टाच, आणि तो निघाला की पाय गप्प. दर पावलाला ठोकणारी टाच घोडा आठवड्यात ऐकेनासा होतो. तुमच्या घोड्याचं बहुधा हेच झालंय.

मधल्या विश्रांतीत, लांब लगामावर वॉक करताना, मुलीला आणखी एक काम द्या. डोळे मिटून (तुम्ही घोड्याच्या डोक्याशी मोहरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून चालत असताना) तिनं सांगायचं की डावा मागचा पाय कधी पुढे येतोय. तो पुढे येताना घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तिचा डावा नितंब किंचित खाली जातो. ‘आता, आता’ असं ती म्हणेल, तुम्ही बाजूनं बघून खरं-खोटं सांगायचं. हे ओळखता येऊ लागलं की पोटरी कधी लावायची ते आपोआप समजतं.

फाटकाचा प्रश्न. घोडा फाटकापाशी अडतो कारण तिथे काम संपतं, तिथेच खाली उतरणं होतं आणि तिथूनच तोबऱ्याकडे जाणं होतं. हे उलटं करा. बल्ल्यांचा बोळ, वारंवार थांबणं-निघणं, हे सगळं कष्टाचं काम फाटकाच्या बाजूला ठेवा. लांब लगामावरची विश्रांती, आयाळीच्या मुळाशी खाजवणं (थोपटण्यापेक्षा घोड्यांना ते जास्त आवडतं, एकमेकांना ते तिथेच खाजवतात) आणि शेवटचं उतरणं हे पलीकडच्या टोकाला, रोज वेगळ्या जागी. उतरल्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, पाच-दहा मिनिटं तिथेच हातात धरून फिरवा, मग बाहेर. चंदी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. अडलाच तर समोरासमोर ढकलाढकली नको. एका बाजूला मान वळवून पुठ्ठा (मागचा भाग) हलवा, पाय हलले की पुढे निघायला सांगा.

पाऊण तासाची वाटणी साधारण अशी: दहा मिनिटं वॉक, त्यात तंग पुन्हा तपासणं. मग वीस-पंचवीस मिनिटं काम, पण चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर दीड-दोन मिनिटं लांब लगाम. शेवटी दहा मिनिटं वॉक. एखाद्या दिवशी नवी गोष्ट अठराव्या मिनिटाला सुरेख जमली तर तिथेच संपवा. वेळ भरायला म्हणून पुन्हा करायला गेलात की तीच गोष्ट बिघडते आणि दिवस त्या बिघाडावर संपतो.

मार्च ते जून सोलापूरचं ऊन विसरून चालणार नाही. पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा सकाळी सहाला घोडा खोगिरात हवा आणि सव्वासातला सावलीत. काम संपल्यावर दहा मिनिटांनी जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजा. आरामात २८ ते ४४ असते, ती तोवर साठच्या आत यायला हवी. येत नसेल तर भरपूर पाणी अंगावर ओतत राहा, सावली आणि वारा द्या. ओली चादर किंवा गोणपाट पाठीवर टाकून ठेवू नका. थोड्या वेळात ते गरम होतं आणि उष्णता आतच कोंडते. दोन घोट-चार घोट करत पाणी पिऊ द्या. रोजच्या चंदीत दोन सपाट मोठे चमचे मीठ घाला.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत शोभेचं दारूकाम असतं तेव्हा, आणि लग्नसराईत आसपास डीजे वाजतो तेव्हा, त्या संध्याकाळी स्वारी नको, हातात धरून काम करा. बुजणं कमी करायला कठड्यावर एक जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवा. पहिल्या दिवशी घोडा तिच्यापासून चार मीटर दूरनं, एक कान तिकडे लावून जाईल. जाऊ द्या. त्याला हुंगायला लावू नका, ओढून जवळ नेऊ नका. दुसऱ्या दिवशी चादरीची जागा बदला, तिसऱ्या दिवशी ती जमिनीवर पसरा. तो स्वतः मान खाली घालून हुंगेल त्या दिवशी तिथेच लगाम सैल करून थांबा.

आठवड्यात चार दिवस मैदान पुरे. एक दिवस लंज किंवा हातातलं काम, एक दिवस बाहेर माळरानावर वॉक, सोबत अनुभवी स्वाराचा दुसरा घोडा असेल तरच, आणि एक दिवस सुट्टी. बाहेर जाताना ज्वारी काढलेल्या रानातून जाऊ नका. धसकटं खुराच्या तळव्यात घुसतात आणि लंगडणं दोन दिवसांनी दिसतं. डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट, पट्टा बांधलेलं. मोटरसायकलचं जड पडतं आणि आवाज नीट ऐकू देत नाही. बुटाला एक-दीड सेंटिमीटरची टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही.

कॅन्टरबद्दल माझं मत ठाम आहे. मुलीनं कॅन्टर शिकावा तो शिकलेल्या, वयस्क घोड्यावर. घोड्यानं शिकावा तो अनुभवी स्वाराखाली. दोघांनी पहिल्यांदा एकत्र करू नये. तोवर आठवड्यातल्या त्या चार दिवसांपैकी किमान एक दिवस जाणत्या माणसानं या घोड्यावर बसावं. मुलीच्या हातून नकळत झालेल्या चुका तिथे निस्तरल्या जातात. मुलगी त्या दिवशी बाहेर उभी राहून उठण्या मोजू दे: चारही चतुर्थांशांत त्याच घोड्याचे आकडे किती सारखे येतात ते तिला दिसेल. चार दारांचं वर्तुळ दोन्ही बाजूंना तिच्या हातून सलग तीन वेळा एका उठणीच्या फरकात आलं, आणि बोटं मिटल्यापासून दोन टप्प्यांत घोडा वॉकवर यायला लागला, की मग बल्ल्या जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उचलायला हरकत नाही. उचलताना दोन बल्ल्यांमधलं अंतर पुन्हा ठशांवरून मोजून घ्या. पाय वर उचलला की पाऊल थोडं बदलतं.